मन घट्ट करा म्हणजे काय करा?

‘मन घट्ट करा’ हे तीन शब्द मी आयुष्यभर फुकट वाटत आलो. चौतीस वर्षे शिक्षकी केली, त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. मॅट्रिकला बसलेला मुलगा नापास होवो की कुणा सहकाऱ्याचा संसार मोडो, माझ्याजवळ सर्वांना पुरेल असा हा एकच उपदेश होता. आज तो माझ्याकडेच परत आला आहे, आणि उघडून पाहतो तर आत काही नाही.

हकिगत अशी. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. पहिले वर्ष रीतसर दुःखात गेले. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, माझीही नव्हती. पण पुढे दुःख ओसरण्याऐवजी निराळेच काही सुरू झाले. पहाटे तीनला जाग येते, आणि छातीवर कुणी पाटा ठेवावा तसा मी उजाडेपर्यंत पडून राहतो. वर्तमानपत्राची घडी मोडावीशी वाटत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला आणि ‘सर्व ठीक’ म्हणून सांगितले. पुण्याहून मुलगी आली, आठ दिवस राहिली, आणि निघताना हळूच म्हणाली, “बाबा, मनाच्या डॉक्टरांना एकदा भेटून याल का?” मी तिच्यावर रागावलो. एवढा राग का यावा, हे मात्र मला सांगता येईना.

साताऱ्यातल्या आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींपुढे विषय काढला. एक जण म्हणाले, “अहो सर, तुम्ही? वेड्यांच्या डॉक्टरकडे?” दुसऱ्यांनी मनाचे श्लोक रोज म्हणायला सांगितले. तिसरे तर दुखावलेच: “बोलायचे पैसे मोजणार? मग आम्ही कशाला आहोत?” तिघेही माझे हितचिंतक आहेत. तरीही तिघांचे चुकते आहे, असे मी म्हणतो.

पहिल्या गृहस्थांच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेले आहेत. त्या वेळी त्यांना कुणी ‘रक्तवाहिन्या घट्ट करा’ असे सांगितले नाही. आम्ही शहाळी घेऊन भेटायला गेलो. शरीर बिघडले तर तो आजार, आणि मन बिघडले तर तो स्वभावाचा दोष, हा न्याय कुठला? देशाचा कायदाही आता असे म्हणत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या पंक्तीला बसवायला सांगितले. आणि जीव देऊ पाहणारा माणूस गुन्हेगार नसून तीव्र ताणाखाली आहे, असे धरून चालावे, असेही सांगितले. पण कायदा पुढे गेला तरी माणसे कुठे जातात? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा आजाराच्या प्रकारानुसार शंभरांतली सत्तर ते ब्याण्णव माणसे उपचाराविनाच असल्याचे आढळले. यांतली काही गरिबीमुळे राहिली असतील, काही डॉक्टर जवळ नाही म्हणून. पण आमच्यासारखी किती तरी केवळ लाजेमुळे राहिली असणार.

दुसऱ्या गृहस्थांना मी सांगतो की, मनाचे श्लोक मला दोनशेपाचच्या दोनशेपाच पाठ आहेत. माझे भांडण समर्थांशी नाही. समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी जे त्यांना पुढे करतात, त्यांच्याशी आहे. ‘मुकाट्याने सोसणे ही आपली संस्कृती’ हे विधानच मुळी खोटे आहे. तुकोबांनी आपला संशय, संताप, निराशा यांतले काय लपवले? ते उघड्यावर विठ्ठलाशी भांडले. आमच्या आयाआज्यांनी सासर-माहेरचे सारे दुखणे पहाटेच्या जात्याला सांगितले, म्हणून तर ओवी उरली. आणि ज्या विषयांचा घरात उच्चार होत नसे, त्यांवर र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, ते १९५३ साली त्यांचा अंत होईपर्यंत. मनातले बोलणे ही परंपराच आहे. न बोलण्याची ऐट आम्हां पांढरपेशांची. तिला संस्कृतीचे नाव देऊ नये.

तिसऱ्या गृहस्थांचा आक्षेप मात्र मनाला लागण्यासारखा आहे. मित्र असताना परक्याला पैसे का द्यावेत? तर ऐका. पहाटे तीनचे सारे मी मुलीला सांगितले, तर पुण्यात तीही तीनला जागी होईल. मित्रांना एकदा सांगू लागलो, तर दोन मिनिटांत बोलणे निवृत्तिवेतनावर गेले. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या बायका घरी सुखरूप आहेत आणि माझ्या बोलण्यात त्यांना उद्याची भीती दिसते. आपले माणूस ऐकते ते स्वतःच्या काळजीतून, म्हणून आपण त्याला सांभाळून सांगतो. जिथे समोरच्याला सांभाळावे लागत नाही अशी एक जागा मला हवी आहे. फी त्या जागेची आहे, मैत्रीची नव्हे.

उलट बाजूलाही बोलण्यासारखे आहे, ते मी लपवीत नाही. पाटी लावून बसलेला प्रत्येक जण जाणता नसतो. शिक्षण काय, नोंदणी कुठे, हे निर्भीडपणे विचारावे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर, तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतो. हा फरक ठाऊक असावा. खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. २०२२ साली सुरू झालेली सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते, पण तेवढ्याने गावोगावची उणीव भरून निघत नाही. तेव्हा उपचार महाग म्हणून ओरडा, तज्ज्ञ अपुरे म्हणून सरकारला जाब विचारा. पण त्यांना लाजिरवाणे म्हणू नका.

आता खरे सांगायचे ते सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी माझ्या शाळेतला एक तरुण शिक्षक माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “सर, वर्गाच्या दाराशी गेलो की पाय उचलत नाही.” मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “मन घट्ट करा. सकाळी फिरायला जा.” तो ‘बरं’ म्हणाला. सत्र संपताच त्याने राजीनामा दिला, आणि मी तो मंजूर केला. पुढे तो कुठे गेला हे मी कधी विचारले नाही. पहाटे तीनला हल्ली तो पुष्कळदा आठवतो. मुलीवर मी का रागावलो, हे मला त्यावरून कळले. डॉक्टरकडे जाणे रास्त ठरले, तर त्या दिवशी मी जे केले ते गैर ठरते.

ते गैरच होते.

येत्या गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. फिरायच्या मंडळींनी विचारले तर ‘दाताच्या डॉक्टरकडे निघालो’ असे सांगायचे, हेही आधी ठरवून ठेवले होते. तसे आता सांगणार नाही.