विश्लेषण : स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिमची कसोटी दुरुस्तीच्या क्षमतेत

भिलाई (छत्तीसगड) : सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून उभा राहिलेला भिलाई पोलाद कारखाना स्वदेशी की परदेशी, असा प्रश्न आज कोणी विचारत नाही. तंत्रज्ञान बाहेरून आले. पण कारखाना चालवणारे, दुरुस्त करणारे आणि वाढवणारे हात येथलेच झाले. भारतीय ऑपरेटिंग सिस्टिमच्या चर्चेत मात्र ‘यातील किती कोड आपला?’ हाच प्रश्न पुढे येतो. सी-डॅकची ‘बॉस’ डेबियनवर, संरक्षण मंत्रालयाची ‘माया’ उबंटूवर, तर २०२३ मध्ये जाहीर झालेली ‘भारओएस’ अँड्रॉइडच्या मुक्तस्रोत कोडवर आधारलेली आहे.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, हे वायफायच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नेटवर्क शोधणे, जोडणी करणे, माहिती कूटबद्ध करणे आणि वीज वाचवणे ही कामे गुंतागुंतीची असून प्रत्येक उत्पादकाची चिप वेगळी वागते. त्यामुळे मुरलेले प्रकल्पही सारे नव्याने लिहीत नाहीत. लिनक्सने अनेक चिपांना समान लागणारा ‘मॅक८०२११’ हा घटक २००७ मध्ये सामावून घेतला. त्याचा मूळ कोड डिव्हाइसस्केप या कंपनीने दिला होता. फ्रीबीएसडीने लिनक्सचे ड्रायव्हर चालवणारा अनुकूलन-थर तयार केला आणि २०२२ च्या १३.१ आवृत्तीत इंटेलचा वायफाय ड्रायव्हर त्या मार्गाने आणला. हायकू ही छोटी प्रणाली फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दोहोंचे ड्रायव्हर वापरते.

मात्र उसनवारीला अटी असतात. ओपनबीएसडीसाठी लिहिलेल्या एथेरॉस चिपांच्या कोडवरील मूळ परवाना काढून केवळ जीपीएल लावण्याच्या प्रस्तावावरून २००७ मध्ये मोठा वाद झाला. अखेर मूळ लेखकाची परवाना-सूचना कायम राखण्याचे तत्त्व मान्य झाले. बीएसडी पद्धतीचे परवाने बंद उत्पादनातही वापराची मुभा देतात. जीपीएलखालील प्रणाली वितरित करणाऱ्याला मात्र बदलांसह स्रोत-कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. ‘स्वदेशी’ या नावाने हे दायित्व टळत नाही.

दुसरी अट देखभालीची. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतील ‘क्रॅक’ त्रुटी उघड झाली, तेव्हा लिनक्स आणि अँड्रॉइड या दोन्हींतील सामायिक ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ घटकाला तिचा विशेष फटका बसला. दुरुस्ती सर्वांसाठी खुली होती. पण ती आपल्या वापरकर्त्यापर्यंत पोहोचवणे ही प्रत्येक प्रणालीचीच जबाबदारी होती. शिवाय अनेक चिपांचे अंतर्गत फर्मवेअर बंदच असते. ड्रायव्हर कितीही खुला असला तरी तेवढे परावलंबन उरते.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. स्वीकारानंतरचा टप्पा आहे तो योगदानाचा : त्रुटी शोधणे, ती दुरुस्त करणे आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे परत पाठवणे. त्यासाठी घोषणांपेक्षा प्रशिक्षित अभियंते आणि कायम निधी लागतो. भिलाईच्या आयआयटीचा कुटेलाभाठा येथील कायमस्वरूपी परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. अशा संस्थांतून हे मनुष्यबळ घडले, तर उसन्या कोडवर उभी असलेली प्रणालीही खऱ्या अर्थाने आपली ठरेल. पोलादाच्या बाबतीत भिलाईने तेच करून दाखवले आहे.