बरणीतला दिवा

दीपावलीच्या साफसफाईत माळ्यावरच्या रिकाम्या बरण्या-बाटल्या प्रथम उकिरड्याची वाट धरतात. पैसा पैसा वर्गणी जमवून ज्या महाराष्ट्रात पैसा फंडाने १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना काढला, तेथे ही उधळपट्टी आम्हांस रुचत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत निम्मे पाणी, वर बोटभर तेल आणि तरंगती वात घालावी. वाऱ्याला न जुमानणारा दिवा सिद्ध होतो आणि तेल सरताच वात पाण्याला टेकून आपसूक विझतो. झाकण अर्थातच लावू नये. निमुळत्या बाटलीला झेंडूची एक डहाळी पुरे. फुटकी काच तेवढी जाड कागदात गुंडाळून निराळी द्यावी. ती केरात तशीच जाते आणि ऐन सणात कचरा वेचणाऱ्या भगिनींचे हात कापतात.