नापास कोण?

गेल्या दिवाळीत बदलापूरहून अंबरनाथला वहिनींकडे फराळाला गेलो होतो. वहिनींना मधुमेह. रोजची साखर मोबाइलवरच्या एका अ‍ॅपात नोंदवायची आणि घरबसल्या सल्ला घ्यायचा, अशी सोय चिरंजीवांनी करून दिलेली.

"कसं काय चाललंय अ‍ॅप?" मी विचारले.

"छान आहे हो, भावोजी!"

"मग आजची नोंद करा पाहू माझ्यासमोर."

मोबाइल नवा, म्हणून अ‍ॅपाने आधी जन्मतारीख मागितली. तारखांचा तक्ता उघडला तो चालू महिन्यावर. मागे जायचे तर एकेक महिना सरकवीत. वहिनींची सत्तर वर्षे, म्हणजे आठशे चाळीस वेळा बोट ओढायचे! दहाबारा वेळा ओढून त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "मीच मेली ढ," म्हणाल्या. तीन आठवडे नोंद नव्हती. वर अ‍ॅपाचा निरोप हजर: 'आपण सूचना पाळत नाही.'

आता वाचकहो, असल्या साधनांची परीक्षा घेण्याचे शास्त्र आहे बरे का! जॉन ब्रूक यांनी १९८६ साली इंग्लंडात दहा प्रश्नांची एक मोजपट्टी केली. उत्तरांवरून शून्य ते शंभर गुण. अडुसष्टच्या आसपास सरासरी धरतात. पट्टी उत्तम, पण आपल्याकडे लेकाने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव कोण ठेवील? वहिनींनी शंभर दिले असते! म्हणून विचारण्याआधी शेजारी गप्प बसून पाहावे. याकोब नील्सन यांनी २००० साली लिहिले, की पाच माणसे पाहिली तरी बहुतेक अडचणी हाती लागतात.

पण पाच कोणती? सगळीच इंजिनियर निवडली तर वहिनी सुटल्या. १९४९ साली नाव मिळालेल्या निर्वासितांच्या उल्हासनगरात अरबी लिपीत सिंधी शिकलेले आजोबाही सुटले. लसीचे 'कोविन' मार्च २०२१ मध्ये लोकांना खुले झाले, मराठी त्यात आली जूनमध्ये. मधले तीन महिने आपल्या आयाबायांनी कुणाकुणाच्या मिनतवाऱ्या केल्या असतील!

निघताना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे लक्ष गेले. प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा. साखरेचा! तीन आठवड्यांत एकही दिवस चुकला नव्हता.

वहिनींनी पथ्य पाळले होते. मग नापास कोण झाले, ते तुम्हीच सांगा.