चुंबकाने तपासा गाडी!

दोस्तांनो, घोलवडला समुद्र आणि चिकूच्या वाड्या अगदी शेजारी-शेजारी. अशा वाडीत एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी धूळ खात उभी असेल, तर वरच्या रंगावर भाळू नका हं! खारा वारा पत्रा आतून कुरतडतो. मऊ फडक्यात लोहचुंबक गुंडाळा नि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवा. ओढ लागली नाही? मग रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी थापलीय! गंजका भाग कापून नवा पत्रा जोडायचा. वेल्डिंगचं काम मात्र मोठ्यांचं.

कुर्ल्याला बनलेल्या या गाडीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं. ते दमदार करायची दादाला घाई असेलच! पण ब्रेक चारही चाकांना जुने ड्रमचे. आधी जाणकार मेकॅनिककडून पुढे डिस्क ब्रेक बसवून घ्या म्हणावं, इंजिनाचं मग बघू. स्टिअरिंगखालचा गिअर मात्र बदलू देऊ नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली थांबली. तो दांडा आता कुठे बघायला मिळणार?