केस झडतात म्हणून मांजर टाकू नका



लाखांदूर तालुका हा धानाचा तालुका. दिवाळीनंतर धान घरी आले की ढोली भरते, पोती रचली जातात आणि त्यांच्या मागोमाग उंदीरही येतात. म्हणून आपल्याकडे मांजर हौसेपेक्षा गरजेपोटी जास्त पाळले जाते. ते वर्षभर धान राखते. पण फाल्गुन लागला की त्याच मांजराविषयी घरात कुरकुर सुरू होते. अंथरुणावर केस, धुतलेल्या कपड्यांवर केस, कधी वरणातही केस! मग एखादे दिवशी घरचा माणूस ते मांजर पोत्यात घालतो आणि वैनगंगेच्या पलीकडे नेऊन सोडतो. घरात लहान मूल खोकत असेल, तर शेजारीपाजारीही हाच सल्ला देतात.

आमचे म्हणणे एवढेच की, मांजर टाकण्याआधी त्याचे अंग नीट पाहावे. केस झडणे दोन प्रकारचे असते, एक ऋतूचे आणि दुसरे रोगाचे. ऋतूच्या झडण्याला फणी पुरते. रोगाच्या झडण्याला डॉक्टर लागतो.

ऋतूचे झडणे

मांजराचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, काही काळ थांबतो आणि मग गळतो. त्याच्या जागी नवा येतो. दिवस मोठा होऊ लागला की उजेडाच्या प्रमाणावरून शरीराला ऋतू बदलल्याचे कळते आणि थंडीतले दाट केस एकदम गळू लागतात. म्हणून होळीच्या आगेमागे केस जास्त दिसतात. रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात राहणाऱ्या मांजराचे केस थोडेथोडे बाराही महिने झडतात. पिले झालेल्या मांजरीचेही काही आठवडे केस गळतात. अशा वेळी सर्व अंगावरचे केस सारखेच विरळ होतात, कातडी स्वच्छ दिसते, मांजर खाते-पिते, खेळते. काळजीचे कारण नाही.

उपाय साधा आहे. मांजरासाठी एक वेगळी फणी ठेवावी. रोज पाच मिनिटे सपरीत किंवा सांदवाडीत बसून केसांच्या दिशेने हलक्या हाताने विंचरावे. शेवटी ओला हात अंगावरून फिरवावा, म्हणजे सुटे केस हाताला चिकटतात. फणीत आलेले केस घरात पडत नाहीत आणि मांजराच्या पोटातही जात नाहीत. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस त्यांत अडकतात आणि गिळले जातात. कधीमधी मांजर केसांचा गोळा ओकते तो यामुळेच. उन्हाळा आहे म्हणून त्याचे केस कापू नयेत. आपला साबण, शाम्पूही लावू नये.

खाण्याकडेही पाहावे

केस हे प्रथिनांचे बनलेले असतात. आपण मांजराला बहुधा वरणाचे पाणी आणि भात घालतो. उंदीर मिळाले नाहीत तर तेवढ्यावर त्याचे भागत नाही. मांजर मूळचे मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे एक पोषकद्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळते, भातातून मिळत नाही. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे शास्त्रज्ञांनी 1975 साली दाखवून दिले. 1987 साली हृदय दुबळे होते हेही कळले. तेव्हा घरी मासळी किंवा कोंबडी आणली की मीठ-मसाला घालण्याआधी त्याचा वाटा काढून, शिजवून, काटे-हाडे वेगळी करून द्यावा. अंडेही उकडून द्यावे. खारी सुकट द्यायची तर भिजवून, पाणी फेकून, मग उकडावी. मोठ्या मांजराला दुधाने पुष्कळदा हगवण लागते. पिण्याला साधे पाणी उत्तम.

रोगाचे झडणे

केस सर्व अंगावर विरळ न होता एका जागी टक्कल पडले असेल तर सावध व्हावे. डोक्यावर, कानावर, पायावर गोल चट्टा आणि त्यावर कोंड्यासारखे पापुद्रे दिसले, तर तो गजकर्ण असू शकतो. ही बुरशी आहे. ती मांजराकडून माणसाला लागते, मुलांना तर लवकर लागते. शेपटीजवळ आणि पाठीवर केस गेले असतील आणि मांजर सारखे खाजवत असेल, तर पिसवांचा संशय घ्यावा. फणीत आलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकावी. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. कानाच्या कडांपासून जाड खपल्या सुरू झाल्या असतील तर ती लूत. पोटावरचे केस चाटूनचाटून गेले असतील तर ॲलर्जी, दुखणे किंवा घरातल्या बदलाची भीती, काहीही असू शकते.

अशा वेळी अंगारा नको आणि घरगुती मलमही नको. मांजराला पिशवीत हवा खेळती ठेवून सरकारी ढोरांच्या दवाखान्यात न्यावे. तिथे फक्त गाई-म्हशीच पाहतात असे नाही. तालुक्यात निदान झाले नाही, तर नागपूरला 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात गोचिडांच्या औषधाची बाटली असते. ती मांजराला कधीही लावू नये. कुत्र्याच्या पिसवांची औषधेही लावू नयेत. त्यातल्या परमेथ्रिनसारख्या द्रव्यांनी मांजराला झटके येतात आणि ते मरते. फिनाईल आणि रॉकेलही त्याला विषच आहे. मांजर अंगावरचे सगळे चाटते, हे विसरू नये. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

मुलाच्या अंगावर गोल चट्टा उठला तर त्याला ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण गजकर्ण वाढतो. डोक्यातल्या गजकर्णाला तर पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात. मूल आणि मांजर दोघांचाही इलाज एकाच वेळी करावा, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून पुन्हा घेतो. ही बुरशी गळलेल्या केसांवर कित्येक महिने जिवंत राहते. म्हणून गोधड्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

आणि दमा?

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. पण मांजराचा त्रास कुणालाच होत नाही, हेही खरे नाही. त्रास होतो तो त्याच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाचा. त्याचे अतिबारीक कण हवेत तरंगतात आणि कपड्यांत बसतात. मांजर घरातून गेल्यावरही ते कित्येक महिने घरात राहतात. म्हणजे आज मांजर टाकले म्हणून मूल उद्या बरे होत नाही. चुलीचा धूर, मळणीची धूळ, राईस मिलचा कोंडा यांनीही छाती भरते. कारण कोणते, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. तोवर मांजराला अंथरुणावर घेऊ नये, रात्री सपरीत ठेवावे. डॉक्टरांनी मांजर नकोच असे सांगितले, तर ओळखीच्या घरी, सांगून-सवरून द्यावे. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे.

माता-भगिनींना एक सूचना करतो. दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर मांडतो. त्याच कॅलेंडरवर मांजराचे केस कधीपासून झडू लागले, टक्कल कुठे पडले, घरात खाज कुणाला सुटली, हे तारखेखाली लिहून ठेवावे. दवाखान्यात ते पान दाखवले की डॉक्टरांचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर मात्र लिहीत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.