लॅच नावाचा घुम्या पाहुणा

ज्या घराचं दार पाठीमागे लोटलं की आपोआप बंद होतं, ते घर नव्हे, तिजोरी. आणि तिजोरीत माणसांनी राहू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हल्ली भोरात कुणी घर बांधलं, की कडी-कोयंड्याला फाटा देऊन लॅच आणि गोल मूठ बसवतो आणि आल्यागेल्याला 'सात लिव्हरचं आहे!' असं ऐकवतो. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पट्ट्या. किल्लीने त्या सगळ्या नेमक्या उंचीवर उचलल्या, तरच खिट्टी सरकते. विद्या थोरच! पण चोर काही कुलपाशी बुद्धिबळ खेळत बसत नाही. तो पहारेने कोयंडाच उचकटतो. अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर असलं कुलूप लावणं म्हणजे हत्ती सुतळीने बांधणं.

त्यात वेल्ह्याचा पाऊस. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण पाऊस जुनाच आहे. लाकूड फुगतं, दार चौकटीत अडकतं आणि लॅचची जीभ आपलं भोक शोधत बसते. कडी जरा ढिली असते, म्हणूनच चार महिने निभावून नेते. गोल मूठ तर ओल्या हाताला दाद देत नाही, मग सांधे धरलेल्या आजीला काय देणार? हँडल हवंच असेल तर आडव्या दांडीचं घ्या. ते कोपरानेही दबतं.

महाराजांनी राजगड-तोरण्याचे दरवाजे भक्कम ठेवले, ते योग्यच होतं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, तरी हे दोन त्यांनी राखले. पण त्यांच्या दाराशी मोगल होते. आपल्या दाराशी फार तर विरजण मागायला आलेल्या काकू असतात!

आणि खरा राग पुढेच आहे. बाहेर कुलूप दिसलं की घरात कुणी नाही, हे गावाला कळतं. आतून कडी असली की कुणीतरी आहे, हेही कळतं. लॅच दोन्ही वेळा सारखंच घुम्यासारखं गप्प. मुलं पुण्याला, घरात एकटी म्हातारी. ती न्हाणीत पाय घसरून पडली, तर शेजाऱ्याने 'बाहेर गेल्या असतील' म्हणून परत फिरायचं?

तेव्हा कुलूप खुशाल सात लिव्हरचं घ्या, स्क्रू मात्र लांब मारा. आणि दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या. आठवी लिव्हर तीच!