‘तिला काय कळतंय पैशातलं?’



हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही? पगाराचं पाकीट घरात आणून द्यायचं, दाखवतील तिथे सही करायची, आणि हिशोब विचारला की हे उत्तर. स्त्री-चळवळीने या वाक्याला नुसत्या भाषणांनी उत्तर दिलं नाही. १९७४ साली अहमदाबादेत ‘सेवा’ बँक उभी राहिली. सही येत नाही ना, मग फोटोवरून ओळख पटवू, असा तिथे मार्ग काढला गेला. माणदेशी बँकेची हकिगत चेतना सिन्हा जाहीरपणे सांगत आल्या आहेत. अर्जावरचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. तेव्हा म्हसवडच्या बायका म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटरशिवाय सांगावं. १९९७ साली बँक सुरू झाली.

आज तेच वाक्य एका वेगळ्या मुलीबद्दल उच्चारलं जातं, आणि चळवळीशी जोडलेल्या घरांतूनही ऐकू येतं. ती अठरा-वीस वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे, किंवा स्वमग्नता, किंवा आकडे डोळ्यांपुढे ठरतच नाहीत अशी गणन-अक्षमता. कार्यशाळेत ती मेणबत्त्या करते, फाइली शिवते. मोबदला मात्र परस्पर घरच्यांच्या हाती जातो. ‘तिला काय करायचेत पैसे?’

शाळेनेही हा प्रश्न बाजूला ठेवला. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेता येऊ लागलं. ही सवलत हवीच होती. तिच्यामुळे कितीतरी मुलं दहावीच्या पुढे जाऊ शकली. पण बाजारात, बँकेत, एसटीच्या तिकिटाला पर्यायी विषय नसतो. तिथलं गणित वेगळ्या रीतीने शिकवावं लागतं.

ही रीत अवघड नाही, वेळखाऊ आहे. खोट्या कागदी नोटा नकोत. खऱ्या नोटा, खरं दुकान हवं. नोट रंगावरून ओळखता येते: दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. शंभराची मात्र जुनीही चालते आणि नवी जांभळटही, म्हणून दोन्ही हाताळायला द्याव्यात. वजाबाकी जमत नसेल तर ‘वरची दहाची नोट’ हा नियम पुरतो. चौतीस रुपये झाले, तर दहाच्या चार नोटा द्यायच्या आणि उरलेले परत घ्यायला थांबायचं. प्रवास, खाऊ, शिल्लक असे तीन डबे, त्यांवर अक्षरांऐवजी चित्रं. दर आठवड्याला तेच दुकान, तीच खरेदी, आणि दर खेपेला आपली मदत थोडी कमी. एखादे वेळी दहा रुपये बुडतील. बुडू द्यावेत. आपण सगळ्या तशाच शिकलो.

फोनवरच्या पैशाला दोनच नियम, पण रोज घोकून घ्यायचे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जो मागतो तो फसवतो. आणि आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

हा प्रश्न आपल्या पानांवर यायला आणखी एक कारण आहे. पैसे, खाऊ, मोबाइलचं आमिष दाखवून मुलीला वश करणं हा अत्याचाराचा जुना मार्ग आहे. स्वतःचे पन्नास रुपये जिच्या खिशात आहेत, ‘हे माझे’, ‘हे मला नको’ असं जिला सांगता येतं, तिला आमिष ओळखायची एक वाट तरी असते. पैशाबाबतचा ‘नको’ आणि शरीराबाबतचा ‘नको’ एकाच तोंडातून शिकायचे आहेत.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण आपण तो वापरत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत आणि अध्ययन-अक्षमता त्यांत आहे. त्याचं कलम १३ मालमत्तेचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार चालवण्याचा आणि कर्जाचा हक्क इतरांच्या बरोबरीने देतं. मदत करणाऱ्याचा स्वतःचाच स्वार्थ एखाद्या व्यवहारात गुंतला असेल, तर त्याने त्यापुरतं बाजूला व्हावं, असंही हे कलम सांगतं. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. बहिणीचा पालक झालेल्या भावाकडे हा हिशोब कधी कुणी मागितला आहे का? वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत ‘वेडसर’ म्हणून जिचं नाव आधी गळतं, ती बहुधा मुलगीच असते.

‘आमच्या माघारी हिचं काय?’ हा आईचा प्रश्न खरा आहे. पण पुष्कळदा त्या आईचंही स्वतःचं खातं नवराच चालवतो. म्हणून दोघींना एकत्र शिकवायला हवं. लेकीच्या बरोबरीने आईनेही स्लिप भरावी, मशीनमधून पैसे काढावेत.

आपल्या बचत गटांपासून सुरुवात करता येईल. गटात अशी एक तरी मुलगी सभासद म्हणून घ्या. पैसे तिच्या हाताने भरून घ्या, आईच्या हाताने नव्हे. पासबुक तिच्याजवळ राहू द्या, आणि शिल्लक किती हे सभेत तिलाच सांगू द्या. वेळ लागेल, सभा दहा मिनिटं लांबेल.

आणि एक लक्षात ठेवू या. शिकवणं ही हक्काची परीक्षा नव्हे. हिशोब बिनचूक आला तरच पैसे हाती देऊ, अशी अट आपल्याला कुणी घातली असती, तर आपल्यातल्या कितीजणी पास झाल्या असत्या? पैसा तिचा आहे म्हणून तिच्या हाती द्यायचा, आणि हाती आहे म्हणून शिकवायचं.

तुमच्या गटात असा प्रयत्न झाला असेल, फसला असेल, तरी जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवत आहोत.

— संपादक मंडळ